नेहमीचं द्या, की यादीप्रमाणे?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला कळवा-पडघा अतिउच्चदाब वाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज एका क्षणात गेली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. करोनाचे दिवस होते. एरवी त्या वेळी ऑफिसात असणारी कितीतरी माणसं घरातल्या टेबलाशी बसून काम करत होती. लॅपटॉपवाले बॅटरीवर तगले, पण ज्यांच्याकडे टेबलावरचा संगणक होता त्यांचा पडदा तत्क्षणी काळा झाला.

इतका मोठा बिघाड क्वचित होतो. मात्र पावसाळ्यात मिनिट-दोन मिनिटांसाठी वीज जाणं ठाणे, डोंबिवली, कल्याणकरांना नवं नाही. अशी वीज जाऊन परत आली, की एकाच संगणकावर तीन तऱ्हा दिसतात. ब्राउझर मघाची पानं पुन्हा उघडू का म्हणून विचारतो. वर्ड वाचवलेल्या मसुद्यांची यादी बाजूला मांडतो. आणि जुन्या विंडोजमधलं साधं नोटपॅड उघडावं, तर समोर कोरं पान. वीज तीच, यंत्र तेच, मग एकाला आठवतं आणि दुसऱ्याला नाही, असं का?

याच कोड्याचं रोजचं रूप आणखी साधं आहे. रोज सकाळी संगणक सुरू करायचा, एडिटर उघडायचा, मग फोल्डरमागून फोल्डर धुंडाळत त्याच तीन फाइली उघडायच्या. रोज त्याच फाइली लागतात, तर संगणकाने त्या आपणहून समोर ठेवायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. ही सोय गेली कित्येक वर्षं आहे, फक्त ती मागावी लागते.

एडिटर कुणाला लागतो?

टेक्स्ट एडिटर म्हणजे निव्वळ मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम. ठळक अक्षरं, समास, चित्रं, तक्ते यांतलं त्यात काही नसतं; असतात ती फक्त अक्षरं. त्यामुळे फाइल लहान राहते, झटकन उघडते आणि वीस वर्षांनीही कुठल्याही यंत्रावर वाचता येते. वागळे इस्टेट किंवा ऐरोलीला जाणाऱ्या प्रोग्रॅमरचं तर ते रोजचं हत्यार. पण गिऱ्हाईक तेवढंच नाही. क्लासच्या सूचना लिहिणारे शिक्षक, सोसायटीच्या सभांची टिपणं ठेवणारे सचिव, घरबसल्या अनुवाद करणारे, मुद्रितं तपासणारे, सगळ्यांना तो उपयोगी पडतो. ठाण्यात २०१० साली ८४वं आणि डोंबिवलीत २०१७ साली ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. या पट्ट्यात अक्षरांवर पोट असणारी माणसं भरपूर आहेत.

समजा, डोंबिवलीत एक बाई घरून मुद्रितशोधन करतात. त्यांना कायम तीन फाइली लागतात. पहिली 'नियम': मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४ असे शुद्धलेखनाचे १८ नियम त्यांनी आपल्या सोयीने टिपून ठेवलेत. दुसरी 'नावं': कुठल्या लेखकाचं आडनाव ऱ्हस्व, कुणाचं दीर्घ, कोणतं गाव कसं लिहायचं. तिसरी 'शंका': काम करताना अडलेलं, संपादकांना विचारायचं. हातातलं मुद्रित रोज बदलतं, या तीन फाइली मात्र बदलत नाहीत. पुढचं सगळं या तीन फाइलींच्या आधाराने पाहू.

किराणा दुकानातल्या दोन पद्धती

महिन्याचं सामान दोन तऱ्हांनी आणता येतं. दुकानदार ओळखीचा असेल, तर 'नेहमीचं द्या' म्हटलं की काम होतं. गेल्या खेपेला काय नेलं ते त्याच्या लक्षात असतं. दुसरी तऱ्हा म्हणजे हातात चिठ्ठी द्यायची: तूरडाळ दोन किलो, गूळ एक किलो. पहिल्या तऱ्हेत भिस्त दुकानदाराच्या स्मरणशक्तीवर. गेल्या महिन्यात पाहुणे आले म्हणून मैदा जास्त नेला असेल, तर या खेपेलाही तो जास्तच येणार. चिठ्ठीत मात्र जे लिहिलंय तेच, आणि दुकानदार बदलला तरी तेच.

एडिटरचंही असंच असतं. काल बंद करताना जे उघडं होतं ते आज परत मांडणं म्हणजे 'नेहमीचं द्या'. याला सेशन म्हणतात. अमुक तीन फाइली रोज उघड, असं लिहून देणं म्हणजे चिठ्ठी. पुष्कळांची गफलत इथेच होते. त्यांना हवी असते चिठ्ठी, पण ते सेशनवर विसंबतात. मग एखाद्या दिवशी चुकून 'नावं' बंद होते, दुसऱ्या दिवशी ती येत नाही आणि सेटिंग बिघडलं असं वाटतं. सेटिंग बिघडलेलं नसतं. बंद झालेली फाइल न उघडणं हेच सेशनचं काम.

दोनदा क्लिक केल्यावर

चिठ्ठी एडिटरपर्यंत कशी पोहोचते ते समजून घेण्यासारखं आहे. पडद्यावरच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं, की विंडोज डिस्कवरून तो प्रोग्रॅम मेमरीत आणते, त्याला सुरू करते आणि सुरू करतानाच एक ओळ हातात देते. त्या ओळीत आधी प्रोग्रॅमचं नाव असतं आणि पुढे, असतील तर, आणखी शब्द. एडिटर जागा झाला की ती ओळ वाचतो. पुढे फाइलचं नाव दिसलं तर ती उघडतो. नाव नसेल, तर आपल्या सेटिंगप्रमाणे मागचं सेशन किंवा कोरं पान.

एखाद्या फाइलच्याच चित्रावर क्लिक केलं, तरी घडतं हेच. नावाच्या शेवटच्या तुकड्यावरून ही फाइल कुठल्या प्रोग्रॅमची, ते विंडोज आपल्या नोंदीत पाहते, त्या प्रोग्रॅमला उठवते आणि फाइलचा पत्ता त्याच ओळीत घालून देते. म्हणजे रोज आपण नकळत चिठ्ठी पाठवतच असतो, फक्त तिच्यावर एकच नाव असतं. तिथे तीन नावं लिहिली की झालं.

सगळेच एडिटर तीन नावं घेत नाहीत. विंडोजचं जुनं नोटपॅड एका वेळी एकच फाइल जाणतं. डॉन हो यांनी २००३ मध्ये आणलेलं नोटपॅड प्लस प्लस मात्र ओळीत जितकी नावं असतील तितक्या फाइली शेजारी शेजारी टॅबमध्ये उघडतं. ते फुकट मिळतं आणि मराठी युनिकोड मजकूर त्यात नीट लिहिता येतो, म्हणून घरगुती कामाला तेच सोयीचं.

एक बारकावा लक्षात ठेवलाच पाहिजे. ओळीतल्या दोन नावांमधली सीमा म्हणजे मोकळी जागा. फोल्डरचं नाव 'माझं काम' असेल, तर एडिटरला ते 'माझं' आणि 'काम' अशी दोन वेगळी नावं वाटतात आणि दोन्ही सापडत नाहीत. म्हणून प्रत्येक पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा. आतली मोकळी जागा मग सीमा धरली जात नाही. आपली चिठ्ठी चालत नाही अशी तक्रार असेल, तर आधी अवतरणचिन्हं तपासावीत.

चौकट : तीन फाइलींची चिठ्ठी (विंडोज, नोटपॅड प्लस प्लस)

१. तिन्ही फाइली एका कायमच्या फोल्डरमध्ये ठेवा. शिफ्ट दाबून फाइलवर उजवं क्लिक करा आणि 'कॉपी ॲज पाथ' निवडा. पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांसकट उचलला जातो.

२. डेस्कटॉपवरच्या नोटपॅड प्लस प्लसच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक, मग 'प्रॉपर्टीज'. 'टार्गेट'च्या रकान्यात आधीच्या मजकुराला धक्का न लावता शेवटी एक मोकळी जागा सोडा आणि पत्ता चिकटवा. पुन्हा मोकळी जागा, दुसरा पत्ता. तसाच तिसरा.

३. 'ओके' म्हणून शॉर्टकट चालवून पाहा. तिन्ही टॅब आले पाहिजेत.

४. विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा. येणाऱ्या रकान्यात रोमन लिपीत 'शेल', लगेच अपूर्णविराम, लगेच 'स्टार्टअप' असं सलग टाइप करून एंटर दाबा. उघडलेल्या फोल्डरमध्ये त्या शॉर्टकटची प्रत टाका. यापुढे लॉग-इन केल्यावर तिन्ही फाइली आपोआप येतील.

'टार्गेट'च्या रकान्यात २६० अक्षरंच मावतात. पत्ते लांबलचक असतील तर फोल्डर डी ड्राइव्हवर वरच्या पातळीला ठेवावा. तरीही पुरत नसेल, तर त्याहून सोपा उपाय आहे: तिन्ही फाइलींचेच वेगवेगळे शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकावेत.

सेशनमध्ये काय काय असतं?

चिठ्ठी ही आपण लिहितो, सेशन एडिटर स्वतः लिहितो. नोटपॅड प्लस प्लस वापरणाऱ्याच्या खात्यात 'सेशन' नावाची एक छोटी फाइल असते. ती उघडून पाहिली तर कुठल्या फाइली उघड्या होत्या, प्रत्येकीत कर्सर कुठे होता, कुठल्या ओळीला खूण होती, अक्षरांची कुठली पद्धत लावली होती, अशा नोंदी दिसतात. म्हणूनच १४०व्या ओळीवर सोडलेलं काम दुसऱ्या दिवशी १४०व्या ओळीवरच उघडतं. चिठ्ठीने एवढं साधत नाही.

काही एडिटर ही नोंद बंद होताना करतात, काही अधूनमधून करत राहतात. बंद होतानाच नोंद करणारा एडिटर चालू असताना वीज गेली, तर त्याला आजचं काहीच ठाऊक नसतं. तो परवाच्या रीतसर बंद केलेल्या अवस्थेत उघडतो. आज उघडलेल्या फाइली नाहीत आणि परवाच्या समोर, हा घोटाळा त्यातून होतो.

सेशन हवं तेव्हा वेगळं जपूनही ठेवता येतं. नोटपॅड प्लस प्लसच्या 'फाइल' मेन्यूत 'सेव्ह सेशन' आणि 'लोड सेशन' अशा दोन आज्ञा आहेत. दिवाळी अंकाच्या कामाचं एक सेशन, अनुवादाचं दुसरं, असं करता येतं. ही जपलेली फाइल पुढच्या कामाने आपोआप बदलत नाही, म्हणून ती चिठ्ठीच्या जवळची. मोठ्या कामांना हा मधला मार्ग सगळ्यांत चांगला.

ही कल्पना नवी नाही. १९७६ साली जन्मलेला ईमॅक्स हा एडिटर सुरू होताना मालकाने लिहिलेली एक फाइल वाचतो आणि त्यातल्या आज्ञा पाळतो. 'ही फाइल उघड' अशी ओळ त्यात घातली की ती रोज उघडते. त्याच वर्षीच्या व्हीआयचा वारसदार व्हिम १९९१ साली ब्रॅम मूलेनार यांनी प्रसिद्ध केला. त्यात एका आज्ञेने सगळी मांडणी फाइलीत उतरवता येते आणि सुरू करताना ती फाइल दाखवली की मांडणी परत उभी राहते. विंडोज ११च्या नोटपॅडला टॅब आणि मागचं आठवण्याची सोय मिळाली ती २०२३ मध्ये. इतक्या साध्या गरजेसाठी विंडोजच्या सामान्य वापरकर्त्याला फार थांबावं लागलं.

वीज जाते त्या क्षणी

फाइल परत उघडणं आणि फाइलीतला न जपलेला मजकूर परत मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाइप केलेलं प्रथम मेमरीत असतं आणि वीज गेली की मेमरी पुसली जाते. वाचतं ते फक्त डिस्कवर उतरलेलं. म्हणून एडिटर आपल्याला न सांगता अधूनमधून एक चोरप्रत डिस्कवर उतरवत राहतात. ती किती वेळाने उतरते, त्यावर आपलं नुकसान ठरतं.

प्रत्येकाचा हिशोब वेगळा. काही बदललं नाही तर व्हिम २०० अक्षरं टाइप झाल्यावर किंवा हात ४ सेकंद थांबल्यावर प्रत उतरवतो. ईमॅक्स ३०० वेळा कळ दाबल्यावर किंवा ३० सेकंद शांततेनंतर. नोटपॅड प्लस प्लस दर ७ सेकंदांनी. वर्डची मूळ मुदत १० मिनिटांची; भरभर लिहिणाऱ्याची दहा मिनिटं म्हणजे एक-दोन परिच्छेद सहज. ही मुदत वर्डच्या 'सेव्ह' सेटिंगमध्ये कमी करता येते आणि ती जरूर करावी.

याउपर एक धोका उरतो. प्रोग्रॅमने 'लिही' म्हटल्यावर मजकूर लगेच डिस्कवर जातोच असं नाही. वेग वाढावा म्हणून विंडोज तो क्षणभर मेमरीतच थांबवते. फाइलची लांबी नोंदली गेली, पण मजकूर पोहोचायच्या आत वीज गेली, तर जागा राहते आणि मजकूर शून्य. अशी फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडली की ओळभर काळ्या चौकटी दिसतात आणि प्रत्येकीत रोमन लिपीत 'नल' लिहिलेलं असतं. तो मजकूर त्या फाइलीतून परत मिळत नाही. चोरप्रतीवर पूर्ण भिस्त ठेवू नये आणि हाताने सेव्ह करायची सवय मोडू नये, ती यासाठी. टेबलावरच्या संगणकाला छोटा यूपीएस असेल तर रीतसर बंद करण्यापुरती मिनिटं मिळतात. या कामासाठी तो खर्च वाजवी आहे.

मराठी अक्षरं कुठे अडतात?

इंग्रजी मजकुराला सहसा न येणारी एक अडचण मराठीला येते. संगणकाच्या दृष्टीने फाइल म्हणजे आकड्यांची माळ. कुठल्या आकड्याचं कुठलं अक्षर, हे ठरवणाऱ्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. आज सर्रास चालते ती यूटीएफ-८. तिच्यात साधं रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं. म्हणजे १५ बाइट.

एडिटरने हीच फाइल जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने वाचली, तर तीन बाइटांचं एक अक्षर न दिसता तीन निरर्थक चिन्हं दिसतात. ती ओळखायला सोपी आहेत. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन 'ए', त्याला चिकटून बहुतेकदा चार टोकं फुटलेलं गोल चिन्ह, आणि हीच जोडी पानभर पुन्हापुन्हा. असं दिसलं तर घाबरू नये, मुख्य म्हणजे सेव्ह करू नये. मेन्यूतून एन्कोडिंग यूटीएफ-८ केलं की मराठी परत येतं. सेशनमध्ये एन्कोडिंगचीही नोंद होते, त्यामुळे चुकीच्या पद्धतीत बंद केलेली फाइल रोज चुकीचीच उघडू शकते. एकदा दुरुस्त करून मग बंद करावी.

श्रीलिपी, शिवाजी, किरण यांसारख्या जुन्या फाँटांतल्या फाइलींचं दुखणं वेगळं. त्यांत मराठी अक्षरांचे आकडे नसतातच. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. एडिटरमध्ये त्या रोमन खिचडीसारख्या दिसतात आणि एन्कोडिंग बदलून सुधारत नाहीत. त्यांना युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्रॅमच लागतो.

आणखी एक ठिकाण: काही जण शॉर्टकटऐवजी बॅच फाइल लिहितात, म्हणजे विंडोजला एकामागून एक द्यायच्या आज्ञांची फाइल. ती वाचणारी काळी खिडकी अजून जुन्या पद्धतीने चालते, त्यामुळे आज्ञेत 'शंका' असं देवनागरी नाव असेल तर फाइल सापडत नाही. पहिल्या ओळीत रोमन लिपीत 'सीएचसीपी ६५००१' लिहिलं (आकडेही रोमनच) आणि फाइल यूटीएफ-८मध्ये सेव्ह केली, की ती खिडकी यूटीएफ-८ वाचू लागते. शॉर्टकटला ही अडचण नाही, म्हणून मराठी नावांच्या फाइलींसाठी शॉर्टकटच बरा.

फाइल जागेवर नसेल तर

चिठ्ठीत फाइल नसते, तिचा पत्ता असतो. फाइल हलली की पत्ता चुकतो. मग व्हिम त्याच नावाचं कोरं पान उघडतो, तर नोटपॅड प्लस प्लस अशी फाइल नाही, नवीन करू का असं विचारतं. घाईत 'हो' म्हटलं, तर 'नियम' नावाची रिकामी फाइल तयार होते आणि १८ नियम कुठे गेले, म्हणून शोधाशोध सुरू होते. इथे 'नाही' म्हणायचं आणि मूळ फाइल शोधायची.

लोकलने जाणाऱ्यांपैकी बरेच जण फाइली पेनड्राइव्हमध्ये घेऊन फिरतात. पेनड्राइव्हला विंडोज आज 'ई' अक्षर देते, उद्या दुसरं काही आधी जोडलेलं असेल तर 'एफ'. पत्ता बदलला, चिठ्ठी फुकट. क्लाउडवरच्या फोल्डरची अडचण वेळेची. गूगल ड्राइव्हचा आभासी ड्राइव्ह त्याचा प्रोग्रॅम सुरू झाल्यावरच दिसतो. एडिटर त्याच्या आधी जागा झाला, तर फाइली तिथे असूनही त्याला सापडत नाहीत. अशा वेळी स्टार्टअप फोल्डरऐवजी विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून एडिटर सुरू करावा. त्यात लॉग-इननंतर एक मिनिट थांबून सुरू करायची सोय आहे.

संगणक घरात सगळ्यांचा मिळून असेल, तर आपोआप उघडणाऱ्या फाइली सगळ्यांना दिसतात. सोसायटीची थकबाकी, विद्यार्थ्यांचे गुण किंवा पासवर्डची टिपणं चिठ्ठीत घालू नयेत, किंवा विंडोजमध्ये स्वतःचं वेगळं खातं करून त्या खात्याच्या स्टार्टअप फोल्डरमध्येच शॉर्टकट ठेवावा. हा फोल्डर अधूनमधून उघडून पाहणंही चांगलं. आपोआप सुरू होऊ पाहणारे नको ते प्रोग्रॅमही तिथेच येऊन बसतात आणि टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' पानावर त्यांची यादी दिसते.

चिठ्ठीत किती फाइली असाव्यात? तीन, फार तर पाच. वीस टॅब आपोआप उघडायला लागले, तर हवी ती फाइल शोधण्याचं काम तसंच राहतं, फक्त ते फोल्डरमधून टॅबच्या रांगेत येतं. रोज डोळ्यांसमोर लागणाऱ्या फाइली चिठ्ठीत घालाव्यात, चालू काम सेशनवर सोडावं. चौकटीत दिलेलं सगळं करायला पंधरा मिनिटं पुरतात. दिवाळी अंकांच्या मुद्रितांचा ढीग टेबलावर येण्याआधी एखाद्या रविवारी ते करून टाकावं, आणि ज्या फोल्डरमध्ये त्या तीन फाइली आहेत त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवरही ठेवावी.